लेव्हल अप : पायऱ्या चढणाऱ्या विज्ञानकथांची कुळकथा

मंडळी, आज अशा एका वाङ्मयप्रकाराबद्दल लिहितोय, ज्याला मी 'वाङ्मय' म्हटलं म्हणून आमच्या शाळेतल्या मराठीच्या बाईंनी मला नक्की बाकावर उभं केलं असतं. कादंबरी रंगात आलेली असते. नायक अंधाऱ्या बोगद्यात कुठल्यातरी सहा पायांच्या जनावराशी झुंजत असतो. जनावर पडतं, आणि पुढच्याच ओळीत एक चौकट येते : अनुभव अधिक 120. लेव्हल 7 वरून 8. ताकद 14, चपळाई 11, वाटायचे गुण शिल्लक 3. मग नायक भिंतीला टेकून दम खातो आणि ते 3 गुण कशात टाकावेत यावर दीड पान विचार करतो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मीटिंग असलेला मी, रात्री दीड वाजता, त्याच्याइतक्याच गांभीर्याने विचार करत असतो की चपळाई वाढवावी की ताकद!

ऑफिसच्या बसमध्ये एकाने माझ्या फोनमध्ये डोकावून विचारलं होतं, "अरे, हे कादंबरी वाचतोयस की एक्सेल शीट?" प्रश्न बोचरा होता पण चुकीचा नव्हता.

अशा पुस्तकांना 'लिटआरपीजी' म्हणतात. आकड्यांच्या चौकटी असोत-नसोत, नायक पायरीपायरीने बलवान होत जाणं हाच जिथे कथेचा कणा असतो त्या मोठ्या कुळाला 'प्रोग्रेशन' हे नाव 2019 च्या सुमारास पडलं. यात तलवारी-जादूवाले जास्त, पण अंतराळ, परग्रहवासी आणि यंत्रं असलेली विज्ञानकथेची शाखाही चांगली जोरात आहे, आणि मला तीच जास्त आवडते. आता, हे आवडतं का? 'व्यसन, दुसरं काय' हे सोपं उत्तर. खेळात बटण दाबलं की बक्षीस मिळतं, मेंदूला गुदगुल्या होतात वगैरे वगैरे. पण इथे तर बटणही मी दाबत नाही. लेव्हल दुसऱ्याचीच वाढते. मग समाधान मला का? याचं उत्तर शोधत मी गेले काही शनिवार-रविवार मागे मागे जात राहिलो आणि पोचलो थेट एका डोनटवाल्यापर्यंत.

डोनटवाला म्हणजे एडवर्ड एल्मर स्मिथ, वाचकांचा 'डॉक' स्मिथ. केमिकल इंजिनिअरिंगमधला डॉक्टरेट आणि पोटापाण्याचा धंदा डोनटची तयार पिठं बनवण्याचा. (इंजिनिअरने नोकरी सांभाळून फावल्या वेळात लिहिणं ही परंपरा जुनी आहे हे कृपया आमच्या घरी कळवावे.) त्याची 'द स्कायलार्क ऑफ स्पेस' 1928 साली 'अमेझिंग स्टोरीज' मासिकात क्रमशः आली. 1937 पासून 'अस्टाउंडिंग'मध्ये 'गॅलॅक्टिक पेट्रोल' सुरू झाली, लेन्समन मालिकेतली. तिचा नायक किनिसन सुरुवातीला पदवी घेऊन बाहेर पडणारा कॅडेट, तुकडीत पहिला आलेला. मग शत्रू मोठा, म्हणून शस्त्र मोठं, म्हणून पुढचा शत्रू आणखी मोठा. जहाजांच्या तोफांपासून सुरू झालेला मामला अख्खे ग्रह एकमेकांवर फेकण्यापर्यंत जातो. मधेच किनिसन आपल्या गुरूंच्या ग्रहावर परत जाऊन वरचं प्रशिक्षण घेतो. 1941 साली सुरू झालेल्या भागाचं नावच 'सेकंड स्टेज लेन्समेन'. दुसरी पायरी! आकड्यांची चौकट तेवढी नाही, बाकी सगळा साचा तयार आहे. साहित्य म्हणून स्मिथ आज वाचवत नाही, मी प्रामाणिकपणे प्रयत्न केला. पण पुढचं पान उलटायला लावण्याचं त्याचं यंत्र ऐंशी-नव्वद वर्षांनंतरही चालू स्थितीत आहे.

आणि आता गंमत. एमआयटीमधल्या स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांना हा डॉक स्मिथ भारी आवडायचा. 1962 साली पीडीपी-1 या संगणकावर त्यांनी 'स्पेसवॉर!' बनवला, पहिल्या महत्त्वाच्या व्हिडिओ गेम्सपैकी एक. त्यामागे स्मिथच्या अंतराळयुद्धांचीच चित्रं होती, हे त्या मंडळींनीच सांगून ठेवलंय. म्हणजे विज्ञानकथेतून खेळ आला. खेळातून परत विज्ञानकथा यायला जरा वेळ लागला, कारण मधे एक वस्तू सापडायची होती : माणसाच्या प्रगतीला लावायचा आकडा.

तो आकडा संगणकातून नाही, कागद-पेन्सिल-फाशांतून आला. प्रशियाच्या सैन्यात 1824 पासून राइसवित्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याचा 'क्रीगश्पील' हा युद्धखेळ अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी वापरला जाऊ लागला. नकाशे, ठोकळे, फासे, आणि कुणाचं किती नुकसान झालं याची कोष्टकं. हा छंद फिरत फिरत अमेरिकेतल्या मध्यमवर्गीय तळघरांत पोचला. तिथे ठोकळा म्हणजे पलटण. ती मेली की मेली, कोण रडणार? 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला मिनेसोटातल्या डेव्ह आर्नेसनने एका खेळाडूला एकच माणूस सांभाळायला दिला आणि पंचाईत झाली. एका फाशात आपला माणूस मेला तर खेळाडूंना ते सहन होईना, इतका जीव जडलेला. म्हणून आर्नेसनने चिलखती जहाजांच्या युद्धखेळातली युक्ती उसनी घेतली : जहाज एका गोळ्यात बुडत नाही, त्याला सोसण्याची क्षमता असते. तेच हिट पॉइंट्स. आज जगभर कोट्यवधी पडद्यांवर जी लाल पट्टी दिसते तिचा उगम असा माणसाला जहाज समजण्यात आहे.

1974 च्या जानेवारीत गॅरी गायगॅक्स आणि आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' बाहेर पडला. तीन पातळ पुस्तिका, पहिली छपाई फक्त 1000 प्रती. त्यात अनुभवाचे गुण होते, लेव्हल होत्या, आणि लढवय्याच्या प्रत्येक लेव्हलला पदवीसुद्धा होती. अनुभवाचे बहुतेक गुण राक्षस मारून मिळत नसत, तळघरातून सोनं बाहेर आणलं की मिळत. एका सोन्याच्या नाण्याला एक गुण! पैसा हाच अनुभव हे इतक्या स्वच्छपणे मी पुढे फक्त पगारवाढीच्या पत्रातच वाचलं. :-)

इथे कुणीतरी म्हणणारच की हे सगळं आपल्याकडे आधीच होतं, मोक्षपट. सापशिडीचा मूळ भारतीय अवतार, खाली नरक, वर वैकुंठ, सद्गुणांच्या शिड्या, दुर्गुणांचे साप. ज्ञानदेवांनी तो रचला असं परंपरेने सांगतात, ठोस पुरावा नाही. खेळ सुंदर आहे, जुने मराठी मोक्षपट बघण्यासारखे आहेत, पण तो या घराण्याचा पूर्वज नाही असं माझं मत. मोक्षपटात सोंगटी चढते, सोंगटीत काही साठत नाही. 90 व्या घरातली सोंगटी पहिल्या घरातल्या सोंगटीपेक्षा तसूभरही शहाणी नसते, आणि एक साप गिळला की केलेलं सगळं वाया. आर्नेसन-गायगॅक्सच्या खेळात मिळवलेलं सहसा परत जात नाही. माझ्या मते या कथांचं सगळं सुख या एका नियमात आहे. खऱ्या आयुष्यात कुठल्या गोष्टीला असा नियम आहे सांगा बरं? तीन वर्षं मान मोडून शिकलेलं तंत्रज्ञान चौथ्या वर्षी कंपनी गुंडाळून ठेवते. इथे लेव्हल 8 म्हणजे 8.

आता मला या इतिहासात सापडलेली सगळ्यात महत्त्वाची जागा. इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात 1978 साली रॉय ट्रबशॉने 'मड' नावाचा खेळ लिहायला घेतला, पुढे रिचर्ड बार्टलने तो वाढवला. चित्र नाही, नुसती अक्षरं. पण एकाच वेळी अनेक माणसं एकाच काल्पनिक जगात वावरू शकत होती. आजच्या सगळ्या ऑनलाइन दुनियांचा हा आजोबा. त्यात गुण मिळवत लेव्हल चढायच्या आणि शेवटी 'विझर्ड' व्हायचं, म्हणजे त्या जगाचे नियम हलवण्याचा अधिकार मिळवायचा.

बार्टलने नंतर मुलाखतींतून स्पष्ट सांगितलंय की या लेव्हल मजेखातर घातलेल्या नव्हत्या. तो आणि ट्रबशॉ काही साहेबी घराण्यातले नव्हते. ब्रिटनमध्ये तोंड उघडलं की उच्चारावरून तुमचा वर्ग कळतो आणि पुढचा हिशोब तिथेच ठरतो. त्यांच्यासारख्यांना विद्यापीठाचं दार उघडलं ते देशाला प्रोग्रामर हवे होते म्हणून. तेव्हा त्यांनी असं जग बनवलं जिथे माणूस बाहेरचं ओझं उतरवून येईल आणि जे करील त्यावरून त्याची जागा ठरेल. खेळातली लेव्हल हे त्यांच्या दृष्टीने राजकीय विधान होतं.

हे वाचलं आणि मी लॅपटॉप बंद करून थोडा वेळ नुसताच बसलो. मी तालुक्याच्या गावातून पुण्यात आलो तेव्हा पहिल्या आठवड्यात मला आडनाव किती वेळा आणि किती प्रकारांनी विचारलं गेलं ते मी मोजलं नाही, पण मोजता आलं असतं. 'तुमचं मूळ गाव कुठलं?' म्हणजे आडनाव. 'अमुक तुमचे कोण?' म्हणजेही आडनाव. आणि इंग्रजीत बोलायला उभं राहिलं की 'स'चा 'श' कुठे होतो यावरून शाळा कळते. कोडला मात्र यातलं काही कळत नाही. प्रोग्राम चालतो किंवा चालत नाही. कंपायलरने मला कधी मूळ गाव विचारलं नाही. या धंद्यात माझ्यासारखे जे आले त्यांच्यापैकी अनेकांना पहिली ओढ त्या कंपायलरच्या निःपक्षपातीपणाची होती असं मला वाटतं, पगार नंतर. तर एसेक्समधल्या त्या दोन पोरांनी लिहिलेल्या लेव्हल मी एकदम ओळखल्या.

असो. पुस्तकांकडे वळू.

खेळातून परत कथेत येण्याचा प्रवास 1978 सालीच सुरू झाला होता, आंद्रे नॉर्टनच्या 'क्वॅग कीप'ने. खेळणारी माणसं खेळाच्याच जगात ओढली जातात. 1982 मध्ये 'ट्रॉन' सिनेमा आला, तिथे संगणकाच्या आत. पण या मंडळींना आकडे दाखवायची लाज वाटत असावी. आकडे वाचकासमोर उघडे मांडायचं धाडस पूर्वेकडे झालं. अमेरिकन 'विझार्ड्री' आणि 'अल्टिमा'वरून स्फूर्ती घेऊन युजी होरीईने 1986 मध्ये 'ड्रॅगन क्वेस्ट' केला आणि जपानची एक पिढी लेव्हल ही कल्पना घेऊनच मोठी झाली. त्यातल्या रेकी कावाहाराने 2002 साली एका स्पर्धेसाठी कादंबरी लिहिली, ती पानांच्या मर्यादेत बसेना म्हणून टोपणनावाने इंटरनेटवर टाकली. तीच 'सोर्ड आर्ट ऑनलाइन'. 10,000 खेळाडू एका आभासी किल्ल्यात अडकतात, 100 मजले चढल्याशिवाय सुटका नाही, आत मेलात तर बाहेरही मेलात. पुस्तक म्हणून ती 2009 ला आली आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे. याच सुमाराचं हिरोशी साकुराझाकाचं 'ऑल यू नीड इज किल' (2004) मात्र खरी विज्ञानकथा. रोज मरून त्याच सकाळी पुन्हा उठणारा सैनिक, म्हणजे 'सेव्ह' करून परत खेळणं. टॉम क्रूझचा 'एज ऑफ टुमॉरो' (2014) त्यावरच बेतलेला.

कोरियात 2007 साली नाम ही-सुंगची 'लेजेंडरी मूनलाइट स्कल्प्टर' सुरू झाली. नायक कर्जात बुडालेल्या घरातला, सावकारांनी पिडलेला. आजी आणि बहिणीसाठी तो पैसे कमवायला खेळात उतरतो. काय करतो? सुरुवातीला सरावाच्या आखाड्यात दिवसेंदिवस एका बुजगावण्याला लाकडी तलवारीने मारत राहतो. बाकीचे खेळाडू हसतात. ताकद एकेका अंकाने वाढते. कथानक म्हणावं तर शून्य, पण मी ती पानं भुकेल्यासारखी वाचली. या कादंबरीतल्या खेळाचं नाव 'रॉयल रोड', आणि तिच्या भाषांतराच्या निमित्ताने 2013 मध्ये निघालेल्या त्याच नावाच्या संकेतस्थळावर आज इंग्रजीतल्या अशा कथांचा मोठा कारखाना चालतो. 'लिटआरपीजी' हा शब्द मात्र त्याच काळातल्या रशियन लेखक-प्रकाशकांचा. म्हणजे बघा, जर्मन युद्धखेळ, अमेरिकन फासे, इंग्रज विद्यार्थी, जपानी कादंबरी, कोरियन कर्जबाजारी आणि रशियन नाव!

चीनमध्ये या प्रकाराला धंद्याचं गणित मिळालं. तिथे 2003 पासून प्रकरणागणिक पैसे घेऊन कादंबऱ्या विकल्या जाऊ लागल्या. लेखक रोज लिहितो, वाचक रोज काही पैसे टाकतो. आता रोज विकायचं तर वाचकाला उद्या परत आणणारं काहीतरी हवं, आणि त्याला शिडीसारखा उपाय नाही. 2010 साली सुरू झालेली 'स्वॅलोड स्टार' ही यातली नमुनेदार विज्ञानकथा. विषाणूमुळे प्राणी राक्षसी झालेली पृथ्वी, गरीब घरातला पोरगा, आणि बळाच्या पायऱ्या कशा? तर आधी ग्रह-दर्जा, मग तारा-दर्जा, मग विश्व-दर्जा... डोनटवाल्या डॉक स्मिथने ही यादी वाचून मान डोलावली असती.

आता जरा कडू बोलतो. चिनी वाचकांत एक शब्द आहे, 'सोनेरी बोट'. म्हणजे नायकाकडे असलेली अशी एक छुपी देणगी जी दुसऱ्या कुणाकडेच नाही. जादूची अंगठी, मागच्या जन्माची आठवण, फक्त त्यालाच दिसणारी चौकट. हे सोनेरी बोट एकदा दिसायला लागलं की जिकडेतिकडे दिसतं. डॉक स्मिथचा किनिसनसुद्धा नुसता मेहनती कॅडेट नसतो, परग्रहावरच्या महात्म्यांनी पिढ्यानपिढ्या जुळवून आणलेल्या रक्ताचा तो वंशज असतो. म्हणजे शेवटी घराणंच की हो! आणि कोरियाचीच 2016 सालची 'सोलो लेव्हलिंग' बघा. तिच्या जगात माणसाला शक्ती मिळते तेव्हाच त्याचा दर्जा ठरतो आणि तो सहसा बदलत नाही. सगळ्यात खालच्या, ई-दर्जाच्या नायकाला एके दिवशी एक चौकट दिसते आणि त्याला, फक्त त्यालाच, लेव्हल वाढवता येऊ लागते. कोरियात तेव्हा तरुण मंडळी माणसांची विभागणी सोन्याचा चमचा आणि मातीचा चमचा अशी करत होती, त्या काळातली ही गोष्ट. ती इतकी का चालली ते समजतं. पण तिच्यात काय नाही तेही बघायला हवं. जन्माने दर्जा ठरतो ही व्यवस्था ती मोडत नाही. तिच्यातून एका माणसापुरती पळवाट काढते. बाकीचे ई-दर्जावाले तिथेच राहतात, आणि आपण वाचताना त्यांच्याकडे मागे वळून बघतही नाही. मीही बघितलं नाही, पानं उलटत राहिलो.

बार्टलच्या लेव्हलपासून आपण फार लांब आलो. तिथे शिडी सगळ्यांना होती.

कंपनीतलं अप्रेझल ज्यांनी अनुभवलंय त्यांना हा फरक समजावून सांगायला नको. एका नोकरीत (नाव नको) मला माझ्या मॅनेजरने सांगितलं होतं की तुझं काम 'चार'चं आहे, पण टीममध्ये 'चार' एकालाच देता येतो, वरून घंटेच्या आकाराची वक्ररेषा ठरून आली आहे, तेव्हा तुला 'तीन'. तो खोटं बोलत नव्हता, बिचारा. आकडा होता, लेव्हल होती, पदाला भारदस्त नाव होतं, अगदी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'सारखं. फक्त बुजगावण्याला कितीही मारलं तरी अंक वाढायचा की नाही हे दुसरीकडे ठरत होतं. त्या वर्षी मी अशा कादंबऱ्या सगळ्यात जास्त वाचल्या. चौकटीतला आकडा खरा असतो, त्याला शेजारच्याचा आकडा कमी करावा लागत नाही, एवढ्यासाठी.

म्हणून मॅट डिनिमनची 'डन्जन क्रॉलर कार्ल' (2020) हाती लागली तेव्हा मी दचकलो. लेखकाने स्वतःच प्रकाशित केलेली, 2024 पासून मोठ्या प्रकाशकाकडून पुठ्ठाबांधणीत आलेली ही विज्ञानकथा. एके रात्री पृथ्वीवरच्या सगळ्या इमारती जमिनीत चेपल्या जातात. जे योगायोगाने उघड्यावर होते ते वाचतात. त्यातला एक कार्ल, अर्ध्या चड्डीत, माजी मैत्रिणीच्या मांजरीला पकडायला थंडीत बाहेर आलेला. वाचलेल्यांना 18 मजल्यांच्या भुयारात उतरायचं आहे, लेव्हल वाढवत. आणि हे सगळं आकाशगंगेतले प्रेक्षक घरबसल्या बघताहेत, कारण हा एक टीव्हीवरचा कार्यक्रम आहे आणि पृथ्वीची मालमत्ता परग्रहावरच्या कंपन्यांनी कायदेशीररीत्या ताब्यात घेतली आहे. नोटीस लागली होती म्हणे, आपण हरकत घेतली नाही. (आपल्याकडे धरणाखाली गेलेल्या गावांना हे वाक्य ओळखीचं वाटेल.)

सगळं नेहमीचंच आहे : चौकटी, गुण, बक्षिसांचे डबे, फिदीफिदी हसणारे विनोद. फक्त पहिल्यांदाच कुणीतरी विचारतो की ही चौकट लिहिते कोण? गुण वाटणारी यंत्रणा निःपक्षपाती नाही, तिला प्रेक्षक हवे आहेत. ज्यांना मारून अनुभव मिळतो ते 'राक्षस'ही कुणाच्यातरी आठवणी घेऊन तिथे कोंबलेले जीव आहेत. कार्लची लेव्हल वाढते तसा मला नेहमीचा आनंद होतो आणि लगेच त्या आनंदाची शंका येते, कारण बाहेरचे परग्रहवासी प्रेक्षकही नेमके त्याच आनंदासाठी ते बघत असतात. कार्ल हळूहळू शिडीवरची नजर काढून शिडी उभी करणाऱ्यांकडे बघायला लागतो, आणि मुख्य म्हणजे आजूबाजूच्या, मागे राहिलेल्या लोकांना मोजायला लागतो. नारळीकरांच्या कथांवर वाढलेल्या वाचकाला, जिथे एका कथेत एक स्वच्छ वैज्ञानिक कल्पना असते, हा सगळा गोंधळ आधी उथळ वाटेल. मलाही पहिली शंभर पानं तसंच वाटत होतं.

मराठीत असं काही अजून माझ्या वाचनात आलेलं नाही. हजारावर पुस्तकं लिहिणारे अर्नाळकर आज असते तर त्यांना रोज एक प्रकरण हे काम सोपं गेलं असतं, धनंजयची लेव्हल किती झाली असती कोण जाणे. कुणी लिहायला घेतलंच तर माझी एक सूचना आहे : पहिल्या पानावरच्या चौकटीत नायकाचं नाव छापा, आडनावाचा रकाना मात्र खुशाल कोरा ठेवा.

वाचायला सुरुवात करायची असेल तर 'कार्ल'पासून करा. शिव्या भरपूर आहेत, मुलांच्या हाती देऊ नका. आणि त्या मांजरीचं नाव प्रिन्सेस डोनट आहे. डॉक स्मिथशी याचा संबंध नसावा, पण मला तो असायला हवा होता.